वाटी वाजवा

आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला येणारा माणूस जरा बिचकतो. ताटं मांडली जातात, सगळे बसतात, सुधाकर आमटीचं पातेलं घेऊन उभा राहतो आणि आमची मुलगी बोटाने वाटी वाजवायला लागते. तिच्यामागून मीही वाजवते. पाहुणा आमच्या तोंडाकडे बघत राहतो. ताट-वाटी वाजवू नये, घरात दारिद्र्य येतं, हे ऐकतच आपण सगळे लहानाचे मोठे झालेलो असतो. माझ्या आईने तर त्यासाठी माझ्या हातावर पळीसुद्धा मारलेली आहे. पण आमच्याकडचा हा नियम शकूताईंनी घालून दिलेला, आणि शकूताईंपुढे आईचं काही चालत नाही.

शकुंतला गायकवाड हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त कुणाच्या तरी भाषणात ऐकू यायचं. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत त्या सगळ्यांच्या शकूताई होत्या. विठ्ठलवाडीला डेपोच्या मागच्या चाळीत भाऊ-भावजयीबरोबर राहायच्या. कॉलेजात असताना काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. पुढे एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नोकरी सुटली तरी फोन काही सुटला नाही. घरात, रस्त्यात, लग्नात, मयतीत, कुठेही कुणी समोर येऊन उभं राहिलं की मान तिरपी करून त्या म्हणायच्या, "जय भीम, बोला!" आपण पटकन कामाचं सांगावं, मागे आणखी लाइनी खोळंबल्यात, असा त्याचा सूर.

बुटक्या, अंगाने भरलेल्या, चालताना पांढरी काठी अशी आपटत जाणार की वाटेतल्या कुत्र्यांनीही अदबीने उठावं. मनगटावर काच उघडून काटे चाचपायचं घड्याळ होतं. तरी भेटेल त्याला विचारायच्या, "किती वाजले हो?" एकदा न राहवून मी म्हटलं, "ताई, घड्याळ तर तुमच्या हातात आहे."

"वेळ मला ठाऊक असते गं. पण गप्प उभा असलेला माणूस मला दिसत नाही. बोलला की दिसतो."

साड्यांची त्यांना भारी हौस. नवी साडी नेसली की रंग कसा दिसतोय ते विचारायच्या, आणि आपण "छान" म्हटलं की खवळायच्या. "छान हा रंग नव्हे. नीट सांग." मग आपण विचार करकरून सांगायचं, "पिकल्या चिंचेचा असतो ना, तसा." त्यावर मनापासून खूश व्हायच्या. आयुष्यात मी रंगांकडे इतकं बघितलं नव्हतं, जितकं शकूताईंच्या साडीचं वर्णन करता यावं म्हणून बघायला लागले.

मे महिन्याच्या सुट्टीत शिरगावातल्या एका शाळेत त्या दृष्टिहीनांचं उन्हाळी शिबिर भरवत. बॅनरवर शिबिर, बोलण्यात मात्र सगळ्यांचा 'कॅम्प'. काठी धरून चालायला शिकणं, बोलका मोबाईल वापरणं, गाणी, घुंगरं भरलेल्या चेंडूचं क्रिकेट, कुकर लावणं, कांदा चिरणं असं दिवसभर काही ना काही चालू असे. येणारे सगळ्या वयाचे, अंबरनाथचे, उल्हासनगरचे, काही पार वांगणीकडचे. स्टेशनवरचे रिक्षावाले त्यांना फुकट आणून सोडत. अंबरनाथच्या बायकांचा एक बचत गट पोळ्या लाटायचा आणि आमटी-भाजी शिरगाव-खरवईच्या सोसायट्यांमधून आळीपाळीने यायची. हे सगळं शकूताईंच्या फोनवर जमायचं. "बोला मंगलताई, कालच्या पोळ्या जरा जाड होत्या. आम्हाला दिसत नाही हे खरं, पण चावावं लागतंच."

कॅम्पचे नियमही त्यांचेच. खुर्ची हलवली तर ओरडून सांगायचं. कुणाच्या हाताला धरून ओढायचं नाही, आपला हात पुढे करायचा. आणि जो कोणी 'बिचारा' किंवा 'बिचारी' म्हणेल त्याने आमटीचं मोठं पातेलं घासायचं. पहिल्याच दिवशी ते मी घासलं. पण सगळ्यात मोठा नियम जेवणाचा होता. जो डबा घेऊन येईल त्याने डबा ठेवून पळायचं नाही, पंगतीला बसायचं. आणि पंगतीत वाढणार कॅम्पवाले. नव्या माणसाला वाटायचं की इथे डोळस वाढत असतील आणि आंधळे जेवत असतील. तिथे नेमकं उलट होतं.

"आयुष्यभर आम्ही घेतोच आहोत," शकूताई म्हणायच्या. "देणाऱ्याचा हात कसा असतो, ते आमच्या हातालाही कळू दे की."

वाढायची पद्धत त्यांनी बसवलेली होती. भिंतीकडे पाठ करून सरळ रांगेत पंगत बसवायची. वाढणारा बादली घेऊन समोर आला की बसलेल्याने वाटी वाजवायची. त्या आवाजावर वाढणारा वाकायचा, डाव्या हाताने वाटीची कड चाचपायचा आणि उजव्या हाताने ओगराळं रिकामं करायचा. आमटी कोमट झाल्याशिवाय बादलीत ओतायची नाही, असा हुकूम होता. स्वतः शकूताई मीठ-लिंबू वाढत आणि सगळ्यांचं झालं की शेवटी जेवत.

उल्हासनगरचे चंदरभाई या कॅम्पात आले ते असेच, नातवाच्या वाढदिवसाला जिलेबी वाटायला. कापडाचं दुकान, सोबत सगळं कुटुंब. जिलेबीचं ताट हातात धरून त्यांनी शकूताईंना शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "अदी, एक फोटो हो जाए." सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात, पण त्या मायेने शकूताई विरघळल्या नाहीत.

"काढा की. पण कॅम्पातले फोटो कॅम्पवालेच काढतात. रेखा, ये गं."

रेखा जन्मापासून पूर्ण आंधळी. तिने मोबाईल हातात घेतला, सगळ्यांना "हसा" म्हणाली आणि दाबला. फोटोत छताचा पंखा होता, चंदरभाईंच्या टकलाचा वरचा अर्धा भाग होता आणि कोपऱ्यात जिलेबी. चंदरभाईंनी फोटो पाहिला आणि असे हसत सुटले की त्यांच्या सुनेने पाणी आणलं. तो फोटो त्यांनी मोठा करून दुकानात गल्ल्यामागे लावला. गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणत, "कोणी विचारत नाय चंदरने क्या दान किया. सब पूछते हैं, जिलेबी किधर की है?" दर उन्हाळ्यात ते येऊ लागले, आणि नुसते येऊन थांबले नाहीत, पंगतीला बसू लागले. शकूताईंच्या साड्याही मग त्यांच्याच दुकानातून येत, कारण रंग सांगावा तर चंदरभाईंनी. "अदी, ये देखो, आमरसात थोडं दूध घातलं ना, तसा पिवळा."

हे सगळं मी बघितलं, पण मी तिथे कुणाला मदत करायला म्हणून गेले नव्हते. सुधाकरसाठी गेले होते.

सुधाकर, म्हणजे माझा नवरा, अंबरनाथला एका कारखान्यात लेथवर टर्नर होता. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस. मधुमेहाने आधी एक डोळा गेला, ऑपरेशनं होता होता दुसराही गेला. तेही त्याने सोसलं असतं. पण त्याच सुमारास नात्यातल्या एका लग्नात जेवताना त्याची बोटं चुकून शेजारच्याच्या ताटात गेली. शेजारच्याने काही न बोलता आपलं ताट बाजूला सरकवलं. ते सरकलेलं ताट सुधाकरला ऐकू आलं. त्या दिवसापासून त्याने माणसांत जेवणं सोडलं. घरातसुद्धा ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि दार लावायचा. मुलगी बाहेर एकटी जेवायची आणि मी दाराकडे बघत. हळूहळू जेवणाबरोबर बाकीचंही आत गेलं. बोलणं, बातम्या ऐकणं, खाली फेरी मारणं. खरवईच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक माणूस राहतो हे शेजारी विसरत चालले होते. मला या सगळ्याची फार भीती वाटायला लागली होती.

मग कुणी सांगितलं, कसं कळलं कोण जाणे, एका दुपारी दाराची बेल वाजली. लिफ्ट बंद होती. शकूताई जिने चढून आल्या होत्या, धापा टाकत. दार उघडल्यावर मीच गप्प उभी राहिले.

"बोला!" त्या म्हणाल्या.

सुधाकर आत होता. मी दार वाजवलं, त्याने उघडलं नाही. मला वाटलं, आता या दाराबाहेरून त्याला धीराच्या चार गोष्टी सांगतील. त्या म्हणाल्या, "जेवायला काय आहे गं?"

मी ताट वाढलं. त्या म्हणाल्या, "कुठे काय आहे ते सांग." मी चाचरत म्हटलं, इथे भाजी, तिथे चटणी. "इथे-तिथे म्हणजे कुठे? डावं-उजवं सांग. आपल्या ताटाला मुळातच डावं-उजवं आहे. चटणी, मीठ, लिंबू डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात मध्ये. पिढ्यान् पिढ्या बायकांनी हे आमच्यासाठीच करून ठेवलंय आणि तुम्ही डोळेवाले वाट्टेल तिथे लोणचं टाकता." मी खाली मान घालून लोणचं डावीकडे सरकवलं.

चार घास खाऊन त्या एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "वैशाली, आमटीत मीठ नाही!" आणि बंद दाराकडे तोंड करून, "अहो, तुम्ही बायकोला कधी सांगत कसे नाही?"

मग दारामागून आवाज आला, "रोज सांगतो."

किती दिवसांनी त्याच्या आवाजात ती जुनी कुरकुर ऐकली होती. मला मीठ कमी पडल्याचा एवढा आनंद आयुष्यात पुन्हा होणार नाही.

"मग कॅम्पला या," शकूताई दाराला म्हणाल्या.

"मला लोकांत जेवायचं नाहीये."

"जेवायला कोण बोलावतंय? वाढायला माणसं कमी आहेत."

तो गेला, तो माझ्या मते भांडायला गेला. आंधळ्या माणसाला वाढायला लावतात म्हणजे काय, हे त्याला त्यांना तोंडावर सांगायचं होतं. पहिले काही दिवस त्याने रिकामी बादली आणि पाण्याचं ओगराळं घेऊन सराव केला. लेथवरचा हात, चटकन बसला. मात्र जेवायची वेळ झाली की तो वर्गात जाऊन एकटा बसायचा आणि मी डबा नेऊन द्यायची. शकूताई त्यावर अवाक्षर बोलल्या नाहीत. एका सकाळी म्हणाल्या, "आज आमटी तुम्ही वाढा."

त्या दिवशी नेमके शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष पाहुणे म्हणून यायचे होते. इथलेच, गावातले, मनाने चांगले, पण वेळेचं आणि त्यांचं जमायचं नाही. ते उशिरा आले, म्हणून कुणीतरी अगत्याने आमटी पुन्हा गरम केली. पंगत बसली. अध्यक्ष पहिल्याच पानावर. सांगितल्याप्रमाणे त्यांनी वाटी वाजवली. सुधाकर वाकला, कड चाचपली, ओगराळं भरून आणलं. आणि अध्यक्षांनी, पंगतीत आपण सगळेच करतो तसं, "पुरे, थोडंच" अशा अर्थाने वाटीवर हात आडवा धरला. तोंडाने काही नाही. उकळती आमटी त्यांच्या हातावर पडली.

"आई गं! अवो, हात भाजला माझा!"

सुधाकरच्या हातातून ओगराळं बादलीत पडलं. तो पांढराफटक पडला होता. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. "वैशाली, घरी चल." मी उठलेच होते. मनात आलं, आता हा पुन्हा कधी त्या दाराबाहेर येणार नाही.

शकूताई मिठाचं भांडं घेऊन भिंतीच्या कडेकडेने आल्या. आधी अध्यक्षांचा हात पिण्याच्या पाण्याच्या पिंपात बुडवायला लावला. मग म्हणाल्या, "आता बोला साहेब. तोंड असताना हाताने कशाला सांगितलंत?"

अध्यक्ष ओशाळले. "सवय वो ताई. लहानपणापासून पंगतीत हातच धरतो."

"ते पंगतीत. ही आमची पंगत." आणि मग वळून, तोवर ज्याला त्या अहो-जाहो करत होत्या त्याला म्हणाल्या, "सुधाकर, बादली उचल. पुढचा माणूस उपाशी आहे."

तो हलला नाही. मी दारात उभी, तो मध्ये, हात अंगाशी घट्ट धरलेले. कोणी सांत्वन केलं असतं तर तो नक्की निघून गेला असता. तेवढ्यात टिण टिण आवाज आला. अध्यक्षांच्या शेजारचं पान चंदरभाईंचं होतं.

"इधर साईं, इधर. भूक लागली मला."

ते वाजवत राहिले, थांबेचनात. मग त्यांच्या पलीकडच्या बाईंनी वाजवायला सुरुवात केली, मग सोसायटीच्या लोकांनी, मग सगळ्या पंगतीने. सुधाकरने वाकून बादली चाचपली. ओगराळं हातात घेतलं. चंदरभाईंच्या वाटीशी आला आणि या वेळी त्याने नुसती कड नाही, पूर्ण वाटीवरून हात फिरवून बघितला. आमटी पडायला लागली मात्र, चंदरभाई ओरडले, "बस! बस! बस साईं, बस!" असे, की पिंपात हात बुडवून उभे असलेले अध्यक्षही हसले.

शेवटच्या पानापर्यंत तो वाढत गेला. त्यानंतर वाढपी बसले. मी सवयीने त्याचा डबा घेऊन वर्गाकडे निघाले होते. मागे वळून बघितलं तर तो रेखाच्या आणि शकूताईंच्या मध्ये मांडी घालून बसला होता, सगळ्यांच्या देखत भात कालवत. आमटीचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं. मी डबा तिथेच ठेवला आणि शाळेच्या मागे जाऊन पोटभर रडले. शकूताईंचे माझ्यावर किती उपकार आहेत हे सांगायला बसले की मला दुसरं काही आठवत नाही, तो ओघळ आठवतो.

पुढे त्या जुन्या कारखान्यात पॅकिंगला त्याला पुन्हा घेतलं, त्यामागेही शकूताईंचे फोन होते. साहेबाने कंटाळून "हो" म्हटलं असावं. दर मे महिन्यात आमटीची बादली मात्र सुधाकरचीच. आणि 'हात नाही, तोंड' हा कॅम्पचा नवा नियम झाला. अध्यक्ष तो सगळ्यात मोठ्याने पाळत. शाळेचा हॉल दर वर्षी मिळत राहिला.

शकूताईंची मूत्रपिंडं बिघडली आणि त्या झपाट्याने वाळल्या. शेवटच्या कॅम्पला चंदरभाईंनी त्यांना गाडीतून आणलं. नवी साडी नेसल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणाले, "कैरीच्या आतल्या गरासारखी आहे, ताई. कोयीजवळ जरा पिवळी पडते ना, तशी." त्या हसल्या. जेवायच्या वेळी मीठ-लिंबू घ्यायला उठू लागल्या, तर उभं राहवेना. सुधाकर म्हणाला, "आज तुम्ही पंगतीला बसायचं." एरवी वाद घातला असता. त्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या.

पंगत सुरू झाली. वाट्या वाजू लागल्या, नेहमीचा कल्लोळ. सुधाकर एकेक पान करत येत होता. शकूताईंसमोर आला आणि थांबला. त्या वाजवत होत्या, पण बोटांत जोर नव्हता आणि त्या गोंगाटात ते नखाचं वाजणं त्याला ऐकू येत नव्हतं. मी "डावीकडे" म्हणणार होते. पण शेजारच्या चंदरभाईंनी आपली वाटी वाजवायची थांबवली. मग त्यांच्या पलीकडच्याने. मग एकेक करत सगळी पंगत थांबली. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज राहिला, आणि त्याच्याखाली शकूताईंच्या नखाचा.

सुधाकर वाकला. डावा हात वाटीवरून फिरवला आणि तसाच थबकला. वाटीवर शकूताईंनी आपला हात आडवा धरला होता. मुद्दाम. तोंडाने काही नाही.

त्याने तो हात थोडा वेळ आपल्या हातात धरून ठेवला. सुकून गेलेला, गरम हात. मग म्हणाला, "ताई, तोंडाने बोला."

"बघत होते," शकूताई म्हणाल्या. हात काढून घेतला. "वाढ."

त्याने वाढली. "बस," त्या म्हणाल्या, अगदी वेळेवर. पावसाळा सरता सरता त्या गेल्या, पण माझ्या मनात त्या अजून तशाच बसलेल्या आहेत, भिंतीला टेकून, कैरीच्या रंगाच्या साडीत. त्या दिवशी सुधाकर समोरून हलेना, तेव्हा त्यांनी काठीने त्याच्या बादलीला हळूच टोचलं.

"आता माझ्यासमोर काय उभा राहिलास? पुढचा माणूस उपाशी आहे."